शिवलेली तक्रार

माझ्या सासूबाईंनी बत्तीस वर्षं एका छापखान्यात पुस्तकं शिवली. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, त्या एकावर एक रचायच्या, दाभणाने भोकं पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायच्या, पाठीला कापड चिकटवून पुठ्ठा चढवायचा. निवृत्तीनंतर त्यांची बोटं रिकामी राहीनात, म्हणून आमच्या घरात औषधांच्या चिठ्ठ्यासुद्धा पुठ्ठ्यात बांधलेल्या आहेत. डॉक्टर ते बाड हातात घेतात तेव्हा आधी अनुक्रमणिका शोधतात, आणि ती असते.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, नगरपालिकेच्या कचेरीत तक्रारी घेतो. लोकांचं ऐकून घेतो, फॉर्म भरतो, पोचपावती देतो आणि कागद ज्या त्या विभागाकडे पाठवतो. खिडकी क्रमांक चार. पुढे त्या कागदाचं काय होतं हे त्याच्या हातात नसतं, आणि हे वाक्य तो दिवसातून चाळीस वेळा म्हणतो. त्याने आजवर एकही कागद ओळखीपाळखीने पुढे सरकवलेला नाही. हा बाणा त्याला आईनेच शिकवला, आणि तोच एक दिवस तिच्या आड आला.

झालं असं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, घड्याळजींच्या दुकानासमोर, गटाराचं एक गोल लोखंडी झाकण होतं. एका बाजूला दुकानाची पायरी, दुसऱ्या बाजूला भिंत, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत हे झाकण. ते चौकटीत नीट बसायचं नाही. एका कडेवर पाय पडला की दुसरी कड उचलली जायची, खडाड् असा आवाज व्हायचा आणि पाय आत जायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं, त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येकाच्या अंगात एक उडी भिनली होती. लोक फोनवर बोलता बोलता उडी मारत. नवरा-बायको भांडत येत, झाकणाशी दोघं एकदम उडी मारत आणि पलीकडे उतरून वाक्य पुरं करत. मी लग्न होऊन आले तेव्हा ही उडी जमायला मला आठवडा लागला. जमली त्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "आता तू आमच्यातली झालीस."

सासूबाईंची उडी गल्लीत सगळ्यात डौलदार होती. मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, काही शंका आहे का. त्यांनी विचारलं, उडी कधीपासून मारता येईल. डॉक्टरांना ती थट्टा वाटली आणि ते खळखळून हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या दिवसापासून बाहेर जायचं म्हणजे गल्लीच्या मागच्या अंगाने वळसा घालायचा, काठी टेकत, वीस मिनिटं जास्त. "मी माझ्याच घरात मागच्या दाराने ये-जा करते," असं त्या म्हणू लागल्या, आणि त्यांचा पारा रोज थोडा थोडा चढत गेला.

अशात एक दिवस पुरुषभर उंचीचा आरसा घेऊन एक हमाल गल्लीत शिरला. परका माणूस, त्याला उडीचं काय माहीत. खडाड् आवाज झाला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत आत गेला, पण आरसा त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवला. घड्याळजी सांगतात की जरा वेळ नुसता आरसाच गल्लीत तरंगतोय असं दिसत होतं. लोकांनी आधी आरसा काढला आणि मग माणूस. आरशाला ओरखडा नव्हता. माणसाचा घोटा मात्र गेला. हे मला नक्की माहीत आहे, कारण मी दवाखान्यात एक्स-रे काढते आणि तो घोटा माझ्याच टेबलावर आला. त्या झाकणाचा तो त्या वर्षातला तिसरा घोटा. आता मी ते बघूनच ओळखायला लागले होते.

संध्याकाळी मी ही गोष्ट घरी सांगितली. सासूबाईंनी शांतपणे ऐकली आणि मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, घरी ऑफिसचं नको, तक्रार असेल तर खिडकीवर ये.

आणि त्या गेल्या. तिथे काय झालं हे मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं, आणि आश्चर्य म्हणजे दोन्ही हकिगती जुळल्या. त्यांनी टोकन घेतलं, सदतीस नंबरचं. बाकावर दीड तास बसल्या. नंबर आल्यावर खिडकीशी उभ्या राहिल्या.

"तक्रारदाराचं नाव?" नवऱ्याने मान खाली ठेवूनच विचारलं.

"मान वर केलीस तर कळेल."

त्याने मान वर केली, कानापर्यंत लाल झाला, आणि म्हणाला, "तरी सांगावं लागतं. रकाना आहे."

"तुझ्या शाळेच्या दाखल्यावर आईच्या रकान्यात बघ."

रांगेतले लोक सरसावून पुढे आले. शेवटी त्यांनी नाव सांगितलं, वय सांगितलं, पत्ता सांगितला. पत्ता लिहून घेताना त्याचं पेन एका जागी अडखळलं, कारण पुढचं सगळं त्याला पाठ होतं आणि ते न विचारता लिहिणं नियमात बसत होतं की नाही, हे त्याला ठरवता येईना. त्याने विचारूनच लिहिलं. पोचपावती दिली. पंधरा दिवसांत उत्तर येईल म्हणाला.

त्या रात्रीचं जेवण फार शिस्तीत झालं. कोणी कोणाला काही वाढलं नाही, ज्याने त्याने आपलं घेतलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं नाही. रस्ते विभागाने म्हटलं, झाकण गटारावर आहे, तेव्हा ते मलनिस्सारणाकडे पाठवा. मलनिस्सारणवाल्यांनी म्हटलं, आमच्यापर्यंत कागदच आलेला नाही. सासूबाईंनी दुसरा अर्ज दिला. तो पोचला, पण पहिलं पानच पोचलं, नकाशा काढलेलं दुसरं पान वाटेत कुठेतरी गळलं. तिसऱ्या वेळी उलट झालं, नुसता नकाशा गेला, आणि तिकडच्या कारकुनाने शेरा मारला की नकाशा सुबक आहे, परंतु अर्जदाराला काय म्हणायचं आहे हे कळत नाही.

दर सोमवारी सासूबाई खिडकीवर. बाकावरचे नेहमीचे लोक त्यांच्यासाठी जागा धरून ठेवू लागले. नवऱ्याचे सहकारी त्याला विचारायचे, काय रे, आज आईसाहेबांचा नंबर कितवा. तो वैतागून घरी यायचा आणि मला म्हणायचा, तिला समजाव. सासूबाई घरी यायच्या आणि मला म्हणायच्या, त्याला समजाव. मी दोघांना हो म्हणायचे आणि भाजी निवडायला बसायचे.

तिसऱ्या अर्जाचं ऐकल्यावर मात्र सासूबाई टेबलाशी बसल्या. त्यांनी पोचपावत्या ओळीने मांडल्या, एकेक उचलून बघितली, आणि म्हणाल्या, "अगं, हे सुटे कागद देण्यातच चुकतंय. शिवलेलं पान गळत नाही."

आणि त्यांनी तक्रार शिवायला घेतली. मजकूर त्यांचाच, अक्षर माझं. घड्याळजींकडे गेल्या तर तिथे खजिनाच सापडला. डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुकानात बसणाऱ्या त्या माणसाने गेली चार वर्षं झाकणाचा प्रत्येक अपघात मिनिटासकट एका वहीत टिपून ठेवला होता. का, असं विचारलं तर म्हणाले, आवाज झाला की समोरच्या घड्याळाकडे नजर जातेच, मग लिहायला काय जातं. "सकाळी नऊ वाजून सात मिनिटं. टपालवाला. डावा पाय. पत्रं सुखरूप." "दुपारी चार एकेचाळीस. एक सद्गृहस्थ. उजवा पाय. बूट अजून आत आहे." अशा एकशे बारा नोंदी. सासूबाईंनी त्या सगळ्या घेतल्या.

मग त्यांना झाकणाचं चित्र हवं झालं. फोटो त्यांना पटेना. त्या पातळ कागद आणि शिसपेन्सिल घेऊन काठी टेकत तिथवर गेल्या, मला झाकणाजवळ बसवलं, कागद लोखंडावर धरायला लावला आणि पेन्सिल आडवी घासायला सांगितलं. येणारे-जाणारे माझ्यावरून उड्या मारत होते. हळूहळू कागदावर नक्षी उमटली आणि मधोमध झिजलेली अक्षरं: "पा. वि. ४२". त्याचा अर्थ आम्हा दोघींना कळला नाही, पण ठसा झकास आला होता. तो मुखपृष्ठाच्या आत गेला.

झालेलं पुस्तक छप्पन्न पानांचं होतं. निळ्या कापडाची पाठ, जाड पुठ्ठा, पानापानावर आकडा, शेवटी माझी एका पानाची टीप की घोटा म्हणजे काय आणि तो कसा मोडतो. सोमवारी सासूबाईंनी ते खिडकीतून आत सरकवलं. नवऱ्याने ते उलटंपालटं केलं, भोकं पाडायचं यंत्र उचललं आणि परत खाली ठेवलं. छप्पन्न पानं आणि पुठ्ठा, यंत्राच्या तोंडात काही जाईना.

"हे फायलीला कसं लावू?"

"लावू नकोस. हे स्वतःच्या पायावर उभं राहतं," असं म्हणून सासूबाईंनी ते खिडकीच्या कट्ट्यावर उभं करून दाखवलं.

पान काढायचं तर दोरा कापावा लागला असता, आणि अर्जदाराचा कागद कापायला नियमात परवानगी नाही. त्यामुळे ते पुस्तक अख्खंच फिरू लागलं. आणि पुस्तक म्हटल्यावर लोक ते वाचू लागले. जावक कारकुनाने वाचलं, त्याच्या शेजारणीने वाचलं. जेवणाच्या सुट्टीत घड्याळजींच्या नोंदी मोठ्याने वाचल्या जायच्या आणि त्या सद्गृहस्थांचा बूट निघाला का, यावर चर्चा व्हायची. अशा रीतीने, आठ टेबलं पार करून, ते मलनिस्सारणाच्या अभियंत्यापर्यंत सुखरूप पोचलं. त्यांनी ते पहिल्या पानापासून वाचलं, म्हणून ठसा त्यांना सगळ्यात आधी दिसला.

ते स्वतः गल्लीत आले. जाडजूड, घामाघूम, स्वभावाने मात्र गोड. झाकणावरची अक्षरं त्यांनी बोटाने चाचपली आणि त्यांचा चेहरा एकदम हलका झाला. "आजी, हे आमचं झाकणच नाही. आमच्या झाकणांवर म. नि. असतं. पा. वि. म्हणजे पाणी विभाग. त्यांच्या मालाला आम्ही हात लावू शकत नाही."

दोन दिवसांनी पाणी विभागाचे मुकादम आले. सडसडीत, मिशाळ, घाईत. त्यांनी झाकण आपलं असल्याचं मान्य केलं. "पण खालचा खड्डा आमचा नाही. दुसऱ्याच्या खड्ड्यावर आम्ही काम करत नाही." आणि गेले.

म्हणजे झाकणाला मालक होता, खड्ड्यालाही मालक होता, आणि दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. मी म्हटलं, आई, आता सोडा. त्या घड्याळजींच्या पायरीवर बसल्या होत्या, काठीवर हनुवटी टेकून. म्हणाल्या, "त्यांचं झाकण इथे आहे. मग इथलं झाकण कुठे गेलं?"

आम्ही तीन दिवस जमिनीकडे बघत हिंडलो. लोक विचारायचे, आजी, काय हरवलं. त्या म्हणायच्या, "झाकण." लोक सहानुभूतीने मान हलवायचे आणि डब्याचं का, असं विचारायचे. चौथ्या दिवशी, दोन गल्ल्या सोडून, बेकरीच्या दारात ते सापडलं. पाण्याच्या व्हॉल्ववर ठेवलेलं, पण चौकटीपेक्षा मोठं, म्हणून नुसतं वर पडलेलं, जमिनीपासून चार बोटं उंच. त्याला लोक ठेचकाळायचे. कोणी ठेचकाळू नये म्हणून बेकरीवाल्याने शेजारी कुंडी ठेवली होती, आणि आता लोक कुंडीला ठेचकाळत होते. मी कागद धरला, पेन्सिल घासली. "म. नि. १७."

कधीतरी दोन्ही खड्डे एकाच दिवशी उघडले असणार, आणि झाकणं घालताना अदलाबदल झाली असणार. सासूबाईंच्या आनंदाला पारावार उरला नाही. त्यांनी चार पानांची पुरवणी शिवली आणि सोमवारी खिडकीवर दिली. उपाय अगदी सोपा होता. हे तिकडे आणि ते इकडे. नवीन काही आणायचं नाही, बनवायचं नाही. फक्त दोन्ही विभागांनी एकाच वेळी यायला हवं होतं, नाहीतर एक खड्डा उघडा पडला असता. मलनिस्सारणवाले म्हणाले, पाणीवाले आले की आम्ही येतो. पाणीवाले म्हणाले, त्यांना आधी येऊ दे. असे पाच आठवडे गेले.

याच सुमारास घड्याळजींनी मला दुकानात बोलावलं आणि वहीचं ताजं पान दाखवलं. "दुपारी एक बावीस. खिडकीवाला मुलगा. झाकणाजवळ उकिडवा बसून पट्टीने मोजत होता. सहा मिनिटं. घरी सांगू नका म्हणाला." मग त्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, तो सांगू नका म्हणाला, दाखवू नका म्हणाला नाही.

मी घरी काही बोलले नाही. पण त्या संध्याकाळी नवरा नियमांचं जाडं पुस्तक घेऊन बसला आणि जेवायला बोलावलं तरी उठेना. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पत्रं तयार केली, मागच्या दाराने नाही, रीतसर, जावक क्रमांक टाकून. पाणी विभागाला लिहिलं की आपलं झाकण क्रमांक बेचाळीस मलनिस्सारणाच्या ताब्यात असल्याचं आढळलं आहे, आठ दिवसांत नेलं नाही तर ते नियमानुसार त्यांच्या मालमत्तेत जमा धरलं जाईल. मलनिस्सारणाला लिहिलं की आपलं झाकण क्रमांक सतरा पाणी विभागाकडे आहे, आणि पुढे तेच.

आठवा दिवस उजाडायची वाट कोणी बघितली नाही. चौथ्या दिवशी सकाळी दहाला गल्लीच्या तोंडाशी एक हातगाडी आली आणि तिच्यामागून दुसरी. मुकादम आपल्या दोन माणसांसह, अभियंता आपल्या तिघांसह. दोघांनाही धास्ती होती की दुसरा आपलं झाकण पळवणार. पहार घालून बेचाळीस नंबर उचललं, तेव्हा मुकादमांनी आपला हात त्याच्यावरून काढलाच नाही, थेट बेकरीपर्यंत गाडीबरोबर हात ठेवून चालत गेले. अर्ध्या तासाने सतरा नंबर आलं, त्याच्या शेजारी अभियंता, तसेच हात ठेवून. या अर्ध्या तासात उघड्या खड्ड्याशेजारी सासूबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला काठीने थांबवत होत्या.

आत बूट होता. तो काढून घड्याळजींच्या पायरीवर वाळत ठेवला.

झाकण चौकटीत उतरलं तेव्हा एक बसका, जाड आवाज आला, कपाटाचं दार नीट लागल्यासारखा. अभियंता त्यावर उभे राहिले, एकदा नाचून बघितलं, काही हललं नाही. मग सगळ्यांना आमच्याकडे चहा झाला. मुकादम आणि अभियंता एकाच कोचावर बसले होते आणि सोळा वर्षं एकाच इमारतीत काम करून आज पहिल्यांदा बोलतोय, असं एकमेकांना सांगत होते. नवरा नव्हता, तो खिडकीवर होता. त्या संध्याकाळी सासूबाईंनी त्याचं ताट स्वतः वाढलं. पत्रांचा विषय त्यांनी काढला नाही. मीच रात्री त्याला विचारलं, की आईसाठी केलंस ना. तो म्हणाला, "नियमात होतं." आणि कुशीवर वळला.

गोष्ट इथे संपली असं मला वाटलं होतं. दोन महिन्यांनी टपालाने सासूबाईंच्या नावे नगरपालिकेचं पत्र आलं. त्यांनी ते जेवताना उघडलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचलं. आपल्या तक्रारीच्या अनुषंगाने जागेची पाहणी करण्यात आली असता सदर झाकण चौकटीत सुस्थितीत बसलेलं आढळलं. सबब आपल्या तक्रारीत तथ्य आढळून आलं नाही. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

"खाली सही कोणाची आहे?" मी विचारलं.

त्यांनी कागद दिव्याजवळ धरला. मग तो मुलासमोर ठेवला. तो दिवसाला असल्या तीस छापील पत्रांवर सह्या करतो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. त्याने घास तसाच ठेवला, हात धुतला, शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. "तथ्य आढळून आलं नाही" यावर एक सरळ रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिलं: तक्रार खरी होती. सही केली, तारीख टाकली, आणि कागद आईकडे सरकवला.

सासूबाईंनी तो दोनदा वाचला.

"शिक्का?" त्या म्हणाल्या.

"शिक्का ऑफिसात असतो, आई."

"मग घेऊन जा उद्या आणि मारून आण. आणि हे बघ, घडी घालू नकोस, शिवताना रेघ दिसते."

त्याने कागद डब्याच्या पिशवीत, पुठ्ठ्याच्या आड नीट उभा ठेवला आणि परत जेवायला बसला.